हप्ता बारमाही, कमाई आठमाही

आमच्या घराच्या दरवाजावर बँकेनं ताब्याची नोटीस चिकटवली ती जानेवारी २०२४ मध्ये. मालवणहून तारकर्लीकडे जाताना वायरी लागते. रस्त्यापासून थोडं आत, माडांत आमचं घर. मागच्या अंगाला आम्ही राहतो, पुढच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. सकाळची वेळ होती, पुण्याचे पाहुणे पडवीत घावणे-चटणी खात बसले होते. बँकेचे दोन तरुण आले. एकानं पिशवीतून डिंकाची बाटली काढून कागद चिकटवला. दुसऱ्यानं मोबाइलवर फोटो काढले. आधी नुसत्या कागदाचा, मग कागदासकट दरवाजाचा, मग तुळशीपर्यंत मागे जाऊन अख्ख्या घराचा. मी फोटोत येत होते, तर "वहिनी, जरा बाजूक" असं अदबीनं म्हणाला. पोरगा जिल्ह्यातलाच होता. पाहुण्यांनी विचारलं, "सर्व्हे वगैरे आहे का?" मी हो म्हटलं आणि त्यांना आणखी घावणे वाढले.

पुढे त्या कागदाबद्दल मला इतक्या जणांनी विचारलं की एकदा सगळं सलग लिहून काढावंसं वाटलं. विचारणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांच्या घरी तशीच पाकिटं आलेली होती आणि न फोडता कपाटावर ठेवलेली होती.

आमचं जुनं घर मातीचं, वर नळे. दर पावसाळ्याआधी नळे परतायचे आणि तरीही पावसात माजघरात टोप मांडायचे. जागा सामायिक. सातबाऱ्यावर डोंबिवलीला राहणारे मोठे भावजी, दोन नणंदा, आमचे हे आणि सासूबाई. कर्ज काढून घर बांधायचं ठरलं तेव्हा बँकेनं पहिल्या भेटीतच सांगितलं, जागा एकाच्या नावावर हवी आणि बिनशेती हवी. २०२० च्या गणपतीत क्वारंटाइनचे दिवस काढून सगळे एकत्र आले होते. तेव्हा विषय निघाला आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत भावजींनी, नणंदांनी आणि सासूबाईंनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. कोकणात हे किती अवघड असतं ते कोकणातल्यांना सांगायला नको. आमच्याकडे झालं, कारण भावजींनी मनावर घेतलं. मग फेरफार, बिनशेतीचा आदेश, बांधकाम परवानगी, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट. जानेवारी २०२१ मध्ये १५ लाखांचं कर्ज मंजूर झालं. मुदत २० वर्षं, व्याज ६.८५ टक्के, फ्लोटिंग.

फ्लोटिंग म्हणजे काय हे आम्हाला कुणी सांगितलं नाही असं मी म्हणणार नाही. करारात होतं, आणि अधिकाऱ्यानं तोंडीही सांगितलं की व्याज रेपोला जोडलेलं आहे, रेपो अधिक २.८५. रेपो तेव्हा ४ टक्के होता. रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दरानं पैसे देते तो दर. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग गृहकर्जं अशा बाहेरच्या दराला जोडणं सक्तीचं झालं आहे, म्हणजे दर उतरला की गिऱ्हाइकाला लगेच फायदा मिळावा. दर चढला की काय, हे तेव्हा कुणाच्या बोलण्यात नव्हतं. गृहकर्जाला इतका कमी दर लोकांच्या आठवणीत नव्हता आणि जो तो म्हणत होता, घेऊन टाका.

बांधकाम लिंटलपर्यंत आलं होतं तेव्हा १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. आमचा एक माड नव्या भिंतीवर पडला. चिरे विखुरले, रचून ठेवलेलं सिमेंट भिजून दगड झालं. वीज कितीतरी दिवस नव्हती. जुनं घर पाडलेलं, नवं घरपट्टीला लागलेलं नाही, त्यामुळे पंचनाम्यात आमचं नुकसान धड कशातच बसलं नाही. मांगरात राहून डिसेंबरात घर पुरं केलं. जानेवारी २०२२ पासून पुरा हप्ता सुरू झाला, ११,४९५ रुपये. दोन खोल्यांचं भाडं आणि ह्यांचा पर्यटकांच्या होडीतला निम्मा हिस्सा यांवर तो बसत होता. पहिला हंगाम चांगला गेला. दोन वर्षं घरात कोंडलेली माणसं तारकर्लीला अशी लोटली की रस्त्यावर चालायला जागा नव्हती.

४ मे २०२२ ला रिझर्व्ह बँकेनं ठरलेली बैठक नसताना अचानक रेपो ४ वरून ४.४० केला. त्या वर्षी फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध सुरू झालं होतं, तेल भडकलं होतं, एप्रिलची महागाई ७.७९ टक्के निघाली. हे सगळं मी पुढे वाचलं. त्या दिवशी आमच्या दोन्ही खोल्या भरलेल्या होत्या आणि सुरमईचा भाव बघून माझं डोकं फिरलं होतं, एवढंच आठवतं. जूनमध्ये रेपो ४.९० झाला, ऑगस्टमध्ये ५.४०, सप्टेंबरअखेर ५.९०, डिसेंबरात ६.२५ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५०. नऊ महिन्यांत अडीच टक्के.

आमच्या खात्यातून मात्र दर महिन्याला तेच ११,४९५ जात होते. हे म्हणायचे, आपला दर काही वाढलेला दिसत नाही. वाढला होता. दर तिमाहीला वाढत होता. बँकेची पद्धत अशी की दर वाढला तर आधी हप्ता तसाच ठेवायचा आणि मुदत लांबवायची. कर्जदाराला झळ लागू नये म्हणून, असं सांगतात. झळ लागत नाही हे खरंच आहे, आणि घोटाळा तिथेच आहे. एप्रिल २०२३ मध्ये शाखेतून फोन आला की मेपासून हप्ता १४,०१० होईल. मी तडक जाऊन कर्जाचं स्टेटमेंट मागितलं. काउंटरवरच्या मुलीनं छापून दिलं. एप्रिलच्या हप्त्याची ओळ मी तिथेच उभी राहून वाचली. हप्ता ११,४९५. त्यातलं व्याज ११,४७९. मुद्दल १६.

मला वाटलं, छपाईत शून्यं गळली. मुलीनं पाहून सांगितलं की बरोबर आहे. दर आता ९.३५ झालाय, शिल्लक १४ लाख ७३ हजार, त्याचं महिन्याचं व्याजच तेवढं होतं. सोळा रुपयांत मालवणात शहाळं मिळत नाही. त्या गतीनं कर्ज फिटायला किती वर्षं लागतील असं मी विचारलं, तर तिनं कॉम्प्युटरवर आकडे टाकले आणि हसू दाबत म्हणाली, "सत्तर." म्हणूनच हप्ता वाढवावा लागतोय, हेही तिनं सांगितलं. हिशोब चोख होता. पण पहिल्या वाढीलाच, जून-जुलै २०२२ मध्ये, कुणी आम्हाला बोलावून विचारलं असतं की हप्ता थोडा वाढवता का, तर आम्ही हो म्हटलं असतं. तेव्हा फरक काही शे रुपयांचा होता. रिझर्व्ह बँकेनं १८ ऑगस्ट २०२३ ला नेमका हाच आदेश काढला. दर बदलताना कर्जदाराला कळवा. हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, की स्थिर दराकडे जायचं, याचा पर्याय त्याला द्या. आणि मुदत अशी ताणू नका की हप्त्यातून व्याजसुद्धा भागणार नाही. आमच्यापुरता तो आदेश उशिरा आला.

आता इथे किनाऱ्यावरचं वर्ष कसं असतं ते सांगायला हवं. ते समजलं नाही तर, अडीच हजारांच्या वाढीनं घर कसं जप्त व्हायला येतं, असं कुणालाही वाटेल. मलाही कुणी डोंबिवलीतून असं विचारलं आहे.

पर्यटकांच्या होड्या, किल्ल्याच्या फेऱ्या, स्कुबा, बनाना राइड, हे सगळं साधारण २६ मेला बंद होतं ते ३१ ऑगस्टपर्यंत. बंदर खात्याचा आदेश असतो आणि तो योग्यच आहे, त्या समुद्रात कुणी माणसं घालणार नाही. मासेमारीही जून-जुलै बंद. खोल्यांना शनिवार-रविवारी एखादं भिजायला आलेलं टोळकं मिळालं तर मिळालं. पावसाळ्यात आमच्याकडे पैसा फक्त बाहेर जातो. शाळेची फी, भाताची लावणी, होडी वर ओढून झाकायची, गणपतीची तयारी. गणपती झाले की थोडी हालचाल सुरू होते, आणि खरा हंगाम दिवाळीच्या सुट्टीपासून. म्हणजे कमाई आठ महिने, आणि तीसुद्धा खऱ्या अर्थानं दिवाळी, नाताळ आणि मे अशी तीन धक्क्यांत.

बँकेचा नियम असा की हप्ता थकून ९० दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक. २६ मे ते ३१ ऑगस्ट मोजून बघा, किती दिवस होतात. तोच माणूस भातासाठी पीककर्ज घेतो तेव्हा बँकेला हंगाम कळतो. भातासारख्या कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकल्यावरच एनपीए धरतात. आमची खोलीही हंगामीच पिकते, पण तिच्या खात्याला मुंबईच्या पगारदाराचा नियम.

तर मेच्या कमाईतून तीन हप्ते बाजूला काढायचे, असं आमचं ठरलेलं होतं. २०२३ मध्ये मेच्या पहिल्याच आठवड्यात होडीचं इंजिन बसलं. हंगामाचे शेवटचे तीन आठवडे, दिवसाला चार-चार फेऱ्यांचे, होडी किनाऱ्यावर. बाजूला काढलेले पैसे इंजिनात गेले आणि येणारे आले नाहीत. मेचा वाढलेला हप्ता भरला. जूनचा भरता आला नाही, जुलैचा नाही, ऑगस्टचा नाही. प्रत्येक वेळी खात्यात पैसे नाहीत म्हणून हप्ता परत गेला की त्याचा वेगळा दंड, त्यावर जीएसटी. त्या वर्षी अधिक श्रावण आला, गणपती १९ सप्टेंबरपर्यंत लांबले. सप्टेंबर उजाडला तोवर खातं एनपीए झालेलं होतं.

फोन जूनपासूनच सुरू होते. बँकेचे नव्हे, वसुलीवाल्या एजन्सीचे. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्येच बजावलेलं आहे. मला ते माहीत नव्हतं. रात्री साडेनऊला भाताची पेज समोर असताना आलेला फोन हे मुकाट्यानं ऐकून घ्यायचे. त्यांना बोलणं जमत नाही. मी घेतला की पलीकडचा माणूस सौम्य व्हायचा, ही एक गंमतच.

फोन जामीनदारालाही जात होते, ते आम्हाला फार उशिरा कळलं. जामीनदार म्हणजे ह्यांचे शाळासोबती, हायस्कुलात मास्तर. त्यांनी आम्हाला एका शब्दानं सांगितलं नाही. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी ते शैक्षणिक कर्ज काढायला गेले तेव्हा त्यांच्या सिबिलवर आमचं थकलेलं खातं दिसलं आणि अर्ज अडकला. तेव्हा त्यांच्या पत्नी आमच्याकडे आल्या. बसल्या, चहा घेतला, पावसाबद्दल बोलल्या, आणि निघताना पायरीवर चप्पल घालत म्हणाल्या, "तेवढा बँकेचा काय ता बघा हा." या सगळ्या प्रकरणात मला झोप लागली नाही अशी ती एक रात्र. नोटिशीच्या दिवशी लागली होती.

गणपतीत भावजी आले. त्यांना सांगायचं नाही असं आमचं ठरलेलं. पाच दिवस आरत्या, उकडीचे मोदक, भजनी मंडळ, आणि ओटीवरच्या फडताळात बँकेची पत्रं. विसर्जनानंतर मी जमवलेले २० हजार शाखेत नेऊन भरले. वाटलं, आता खातं सुटेल. सुटत नाही. नोव्हेंबर २०२१ पासून नियम स्पष्ट झाला आहे की एकदा एनपीए झालेलं खातं सगळी थकबाकी, मुद्दल आणि व्याज, पूर्ण भरल्याशिवाय पुन्हा नियमित होत नाही. २० हजार भरलेत हे चांगलं केलंत, पण तारीख पुढेच जातेय, असं मॅनेजर म्हणाले. वाईट माणूस नव्हता. त्याच्या हातात काही नाही हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

ऑक्टोबरात रजिस्टर पोस्टानं ती नोटीस आली. लोक तिला सरफेसीची नोटीस म्हणतात. २००२ चा कायदा, कलम १३ (२). थकलेले हप्ते भरा असं त्यात नसतं. सगळं कर्जच परत मागतात, साठ दिवसांत. आमची मागणी सुमारे १५ लाखांची होती. हप्त्यांपोटी आम्ही तोवर दोन लाखांच्या वर भरलेले होते, आणि मागणी घेतलं होतं तेवढ्याचीच. सासूबाईंना वाचून दाखवावं लागलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "जागा सामायिक होती तेवा भांडणा होती. पण जप्ती हाडूची कोणाची छाती नाय होती."

आम्ही सगळे हसलो, पण ते तंतोतंत खरं आहे. पंधरा नावांच्या सातबाऱ्यावर कुठलीच बँक कर्ज देत नाही, म्हणून ती जागा कुठली बँक नेतही नाही. शेतजमिनीला हा कायदाच लागत नाही. आम्ही सगळ्यांच्या पाया पडून, चकरा मारून जी जागा बिनशेती आणि एकाच्या नावाची करून घेतली, ती कागदोपत्री स्वच्छ झाली आणि त्याच दिवशी लिलावायोग्यही झाली. कोकणातल्या पडक्या सामायिक घरांना सगळे नावं ठेवतात. मीही ठेवायचे. हल्ली जरा कमी ठेवते.

मालवणात एक निवृत्त कोर्ट कारकून आहेत, लोकांचे अर्ज लिहून देतात. त्यांच्याकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "उत्तर दिलास?" नोटिशीला उत्तर द्यायचं असतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. साठ दिवसांत कर्जदारानं लेखी म्हणणं मांडलं तर बँकेला पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यावंच लागतं, कलम १३ (३ए). ते म्हणाले, "बँक नायच म्हणतली. पण फाइलीत कागद रवतलो." आम्ही लिहिलं. धंदा हंगामी आहे, मेमध्ये इंजिन गेलं, थकबाकी मार्चपर्यंत भरतो, हप्ता आणि मुदत यांची फेरमांडणी करून द्या. उत्तर आलं, इंग्रजीत, छोटंसं, नकाराचं. कागद फाइलीत राहिला.

साठ दिवस संपत होते त्याच सुमाराला, ४ डिसेंबर २०२३ ला, तारकर्लीच्या किनाऱ्यावर नौदल दिन झाला. पंतप्रधान आले, मालवणच्या राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला, समोर समुद्रात युद्धनौका. तालुक्यात खाट रिकामी नव्हती. आमच्या दोन्ही खोल्या आठवडाभर भरलेल्या होत्या आणि आम्ही स्वतः स्वयंपाकघरात झोपत होतो. त्या आठवड्याचे पैसे मी वेगळ्या डब्यात ठेवले.

आणि जानेवारीत तो डिंकाचा कागद. त्याला सांकेतिक ताबा म्हणतात. किल्ली आपल्याकडेच राहते, आपण राहतो, चूल पेटते, फक्त कायद्यानं ताबा बँकेचा. आत शिरून खरा ताबा घ्यायचा तर बँकेला ओरोसला जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे कलेक्टरकडे, कलम १४ खाली अर्ज करावा लागतो, आणि मग तहसीलदार-पोलीस घेऊन येतात. नोटीस लावल्यापासून सात दिवसांत ती दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते, एक स्थानिक भाषेतलं. आमची छापून आली. ह्यांचं पूर्ण नाव, माझं पूर्ण नाव, रक्कम, आणि घराचं वर्णन. सर्व्हे नंबर, क्षेत्र, मग चतुःसीमा. पूर्वेस पाणंद, पश्चिमेस अमक्यांचा माडबाग, दक्षिणेस सामायिक विहीर. आपल्या घराचं असं वर्णन मी कधी वाचलं नव्हतं. खाली सर्वसाधारण जनतेला इशारा की या मिळकतीबाबत व्यवहार करू नये. त्या जाहिरातीचा खर्चही आमच्याच कर्जखात्यात टाकलेला होता.

गावात कुणी तोंडावर काही बोललं नाही. मासळी बाजारात एका बाईनं मात्र बांगडे तोलता तोलता सांगितलं, "पेपरात नाव इला तुमचा." आणि वर दोन बांगडे जास्त घातले. मी पैसे देऊ लागले तर घेईना. पूर्वी पतसंस्थेच्या कर्जात तिच्या भावाचं घर असंच गेलेलं. पतसंस्थांना सरफेसी नाही, त्या सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला काढतात आणि त्यांचा वसुली अधिकारी जप्ती करतो. तिच्या भावाच्या घराला गावातून कुणी बोली लावली नाही. आपल्याकडे कुणाच्या देवघरावर गाववाला बोली लावत नाही. शेवटी बाहेरच्यानं घेतलं, स्वस्तात.

जाहिरात डोंबिवलीतही पोचली, व्हॉट्सअ‍ॅपवर. भावजींचा फोन आला. मी आधीच रडायच्या बेतात होते, कारण त्यांचा हिस्सा या कर्जापायी आम्ही घालवतो आहोत असं मनात खात होतं. ते म्हणाले, "वहिनी, हक्क सोडलंय. घर सोडूक नाय." आणि मग एकदम व्यवहारी होऊन विचारलं, थकबाकीचा नेमका आकडा किती.

तो आकडा विचारणं हीच खरी किल्ली होती. पेपरात १५ लाख छापले होते, पण खातं नियमित करायला लागत होती फक्त थकबाकी. फेब्रुवारीत ती दंड, नोटिशी, जाहिरात असं सगळं धरून एक लाख वीस हजारांच्या घरात होती. आम्ही सगळे १५ लाखांच्या आकड्याखाली दबून बसलो होतो. मॅनेजरनं लेखी देणं टाळलं, पण तोंडी स्पष्ट सांगितलं की मार्चअखेरच्या आत पूर्ण थकबाकी भरा, खातं नियमित करून ताब्याची नोटीस मागे घेतो. मार्चअखेर बँकेलाही एनपीए कमी दाखवायचे असतात. डब्यातले नौदल दिनाचे आणि नाताळचे पैसे होते, माझ्या पाटल्या सोनेतारणात गेल्या, उरलेले भावजींनी पाठवले. मार्चच्या मध्यावर भरले. नोटीस मागे घेतल्याचं पत्र मात्र मी शाखेत बसून, हातात घेऊनच घरी आले.

या सगळ्यात दोन मुदती आम्हाला ठाऊक होत्या, त्या कारकूनकाकांनी सांगितल्या म्हणून. ताब्याच्या नोटिशीनंतर ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. ते जिल्ह्यात नाही, वकील, प्रवास आणि फी सगळं आलं. आम्ही गेलो नाही, पण मुदत ठाऊक होती. दुसरी गोष्ट, संपूर्ण देणं भरून घर सोडवण्याचा हक्क २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची जाहिरात निघेपर्यंतच आहे. पूर्वी विक्री होईपर्यंत संधी असायची. अजूनही कित्येक जण त्याच भरवशावर असतात की लिलाव लागू दे, मग बघू. मग बघायला काही उरत नाही.

आता दर उतरलेत. फेब्रुवारी २०२५ पासून रेपो कमी होत डिसेंबरात ५.२५ वर आला. आमचं व्याज ८.१० व्हायला हवं होतं, झालं. पण हप्ता आपोआप उतरला नाही, या वेळी बँकेनं हप्ता तसाच ठेवून मुदत कमी केली. मी अर्ज करून हप्ता कमी करून घेतला. पाटल्या सुटल्या. मास्तरांच्या मुलीला कर्ज मिळालं, सेमिस्टर गेल्यानंतर.

मेमध्ये हातात पैसा असतो तेव्हा कर्जखात्यात जादा भरून ठेवावा असं अनेकांना वाटतं. तसं करू नका. फ्लोटिंग गृहकर्जात जादा भरण्याला दंड नाही हे खरं, पण ते पैसे मुद्दलात जातात आणि जूनचा हप्ता जूनमध्ये पुन्हा मागतातच. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरचे हप्ते ज्या बचत खात्यातून कापले जातात त्याच खात्यात २६ मेच्या आत ठेवा आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड घरातल्या सगळ्यात कंजूस माणसाकडे द्या. आमच्याकडे सासूबाईंकडे आहे. वर्षातून दोनदा कर्जाचं स्टेटमेंट मागून मुद्दलाचा रकाना वाचा. आणि कपाटावरचं पाकीट फोडा, त्यावरच्या तारखेपासून दिवस मोजले जातात.

बँकांकडे एकच मागणं आहे. आम्हाला वर्षाचे पैसे बुडवायचे नाहीत. आमचा आधीचा हप्ता धरला तर बारा हप्ते १४,०१० चे म्हणजे १ लाख ६८ हजार १२०. तेच ऑक्टोबर ते मे असे आठ हप्ते २१,०१५ चे करून द्या. पावसाळ्याचं व्याज त्यात बसवा, हरकत नाही. मालवण, देवगड, वेंगुर्ले, या तिन्ही तालुक्यांत खोल्या आणि होड्यांवर चालणारी शेकड्यांनी घरं आहेत, आणि प्रत्येक घराचा पावसाळा तोच आहे. या मजकुराचा अर्ज आमच्याकडच्या काही जणांनी सह्या करून शाखेत दिला आहे. त्याची पोच माझ्याकडे आहे, उत्तर अजून आलेलं नाही.